यंत्र वाजले, पुढे काय?

उर्दूत 'दफीना' असा एक शब्द आहे. जमिनीत पुरून ठेवलेले धन म्हणजे दफीना. मराठीत त्याला 'गुप्तधन' म्हणतात. शब्द निराळे असले, तरी ते कानी पडताच डोळ्यांपुढे येणारे चित्र एकच असते. पडका वाडा, अंधारी रात्र, मातीत दडलेला हंडा आणि हंड्यात चकाकणारी नाणी!

कोकणात अशा गोष्टींना तोटा नाही. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर आले, त्या माणसाला 'पायाळू' म्हणतात. अशा माणसाच्या डोळ्यांत अंजन घातले, की त्याला जमिनीखालचे धन दिसते, अशी समजूत पिढ्यान्‌पिढ्या चालत आली आहे. या समजुतीपायी अनेक लोक भोंदूंच्या नादी लागले आणि गाठीचे होते तेही घालवून बसले. महाराष्ट्रात २०१३ साली जादूटोणाविरोधी कायदा झाला. गुप्तधनासाठी केलेली अघोरी कृत्येही त्यात गुन्हा ठरवावी लागली. यावरून या वेडाची कल्पना यावी.

आता पायाळू माणसाची जागा यंत्राने घेतली आहे. या यंत्राचे नाव धातुशोधक, म्हणजेच मेटल डिटेक्टर. विमानतळावर किंवा न्यायालयाच्या दारात तुम्ही ते पाहिले असेल. लांब दांड्याच्या टोकाला थाळीसारखे चाक, दुसऱ्या टोकाला मूठ आणि कानाला लावायची श्रवणयंत्रे, असाही त्याचा एक प्रकार मिळतो. तो घेऊन माळावर किंवा किनाऱ्यावर फिरणे हा परदेशात हजारो लोकांचा छंद आहे. आपल्याकडेही अनेकांना त्याचे आकर्षण वाटू लागले आहे. तुमच्यापैकी कोणाला उद्या असा छंद लागला, तर तो वाईट आहे असे मी म्हणणार नाही. माझे म्हणणे एवढेच आहे, की यंत्र कसे वाजवावे हे शिकण्याआधी, ते वाजल्यावर कोठे थांबावे हे शिकले पाहिजे.

ही गोष्ट नीट समजावी म्हणून आपण रत्नागिरी जिल्ह्यातील दापोली तालुक्यात, आंजर्ले या गावी जाऊ. एका बाजूला अरबी समुद्र, दुसऱ्या बाजूला नारळी-पोफळीच्या बागा, टेकडीवर कड्यावरच्या गणपतीचे देऊळ आणि गावाजवळ समुद्राला मिळणारी जोग नदी. जवळच हर्णैच्या किनाऱ्यासमोर पाण्यात सुवर्णदुर्ग उभा आहे. दक्षिणेला त्याच तालुक्यात दाभोळ आहे. बहमनी आणि आदिलशाही काळात दाभोळ हे मोठे बंदर होते. इराण आणि अरबस्तानची गलबते तेथे येत. अशा भागातील वाळूत आणि मातीत जुने काहीतरी असणार, असे कोणाच्याही मनात येईल. नवा छंद शिकणाऱ्याला तर हा किनारा म्हणजे उघडलेला खजिनाच वाटेल.

पण आधी यंत्र काय करते ते पाहू. त्यात जादू काहीच नाही. मायकेल फॅरडे याने १८३१ साली विद्युतचुंबकीय प्रवर्तनाचा शोध लावला. तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात तो धडा असतो. यंत्राच्या चाकात तांब्याच्या तारेचे वेटोळे असते. बॅटरीच्या साहाय्याने त्यातून सतत बदलणारा विद्युतप्रवाह सोडतात. त्यामुळे वेटोळ्याभोवती बदलते चुंबकीय क्षेत्र तयार होते. या क्षेत्रात धातूची वस्तू आली, की तिच्यात भोवऱ्यासारखे फिरणारे प्रवाह निर्माण होतात. ते प्रवाह स्वतःचे छोटेसे चुंबकीय क्षेत्र तयार करतात. यंत्र हा फरक ओळखते आणि वाजते. एवढीच त्याची करामत.

या यंत्राचा इतिहासही वाचण्यासारखा आहे. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्यावर गोळी झाडली गेली. शरीरात अडकलेली गोळी कोठे आहे, ते डॉक्टरांना कळेना. टेलिफोनचा शोध लावणारे अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल आपले नवे यंत्र घेऊन धावले. गोळी काही सापडली नाही. गादीतील पोलादी तारांचाही परिणाम यंत्रावर होत होता. पुढे दुसऱ्या महायुद्धात, १९४१ च्या सुमारास, योझेफ कोसात्स्की या पोलिश अधिकाऱ्याने जमिनीत पेरलेले सुरुंग शोधण्यासाठी हातात धरून चालवण्याजोगे यंत्र तयार केले. १९४२ साली अल् अलामीनच्या लढाईत ते वापरले गेले. आज जे यंत्र छंद म्हणून विकत मिळते, ते मुळात माणसांचे प्राण वाचवण्याच्या धडपडीतून पुढे आले आहे, हे विसरू नये.

बेल यांच्या अपयशातून नवशिक्याने पहिला धडा घ्यावा. यंत्र खोटे बोलत नाही, पण ते पुरते खरेही सांगत नाही. 'येथे धातू आहे' एवढेच ते सांगते. कोणता धातू, कशाची वस्तू, कोणाची वस्तू, हे माणसाला ओळखावे लागते. सोन्याची पातळ अंगठी आणि शीतपेयाच्या डब्याची ॲल्युमिनियमची कडी यांचा आवाज पुष्कळदा सारखाच येतो. कोकणात तर आणखी अडचण आहे. येथल्या जांभ्या दगडात आणि तांबड्या मातीत लोहाचे प्रमाण भरपूर असते. रत्नागिरीच्या किनाऱ्यावर काही ठिकाणी इल्मेनाइट नावाचे, लोह असलेले खनिज मिसळलेली काळी वाळू आढळते. समुद्राच्या खाऱ्या पाण्यातून वीज वाहते. यांमुळे खाली काही नसतानाही यंत्र कुरकुरते. नवशिका खणतो आणि हाती वाळूच लागते.

म्हणून शिकणाऱ्याने थेट किनारा गाठू नये. आपल्या घरच्या परसात हातभर रुंदीची एक पट्टी निवडावी. तीत एक नाणे, एक खिळा, बाटलीचे पत्र्याचे झाकण आणि चंदेरी वेष्टनाचा तुकडा अशा वस्तू पुराव्यात. एक पाच सेंटिमीटरवर, दुसरी दहावर, तिसरी पंधरावर. प्रत्येक वस्तू कोठे पुरली ते वहीत लिहून ठेवावे. मग चाक जमिनीलगत, सावकाश, डावीकडून उजवीकडे फिरवावे आणि कान देऊन ऐकावे. लोखंडाचा आवाज कसा, तांब्याचा कसा, खोल असलेल्या वस्तूचा कसा, हे हळूहळू कळू लागते. साधारण यंत्राला नाण्याएवढी वस्तू वीतभर खोलीपर्यंतच कळते. त्यामुळे जमिनीच्या पोटातील हंडे शोधण्याचे स्वप्न पाहणाऱ्याची पहिल्याच आठवड्यात निराशा होते. ज्याला ऐकण्यात गोडी वाटते, तोच या छंदात टिकतो.

टिकणाऱ्याला काय मिळते? बहुतेक वेळा भंगार! गंजलेले खिळे, होडीचे मोडके बिजागर, मासे पकडायचे गळ, जाळ्याला लावलेले शिसे, पत्र्याची झाकणे. हे ऐकून नाक मुरडू नका. किनाऱ्यावर अनवाणी चालणाऱ्या कोळी बांधवांच्या आणि खेळणाऱ्या मुलांच्या पायात घुसणारा गंजका गळ कोणी उचलून नेला, तर ते लहान काम नव्हे. एखाद्या बाईचे मंगळसूत्र किंवा कोणाची अंगठी वाळूत पडते. ती शोधून देणाऱ्याला जो दुवा मिळतो, त्याची किंमत करता येणार नाही. या छंदाचा मोठेपणा मला येथे दिसतो.

पण समजा, एखादे दिवशी यंत्र वाजले, आपण खुरप्याने थोडी माती सारली आणि हिरवट पडलेले एक जुने नाणे दिसले. मग? पुष्कळ जण म्हणतील, 'उचलावे आणि खिशात घालावे. एका नाण्याने कोणाचे काय बिघडते?' या प्रश्नाचे उत्तर नीट द्यायला हवे. कारण येथूनच छंद आणि लूट यांच्या वाटा वेगळ्या होतात.

नाशिक जिल्ह्यात जोगलटेंभी नावाचे गाव आहे. तेथे १९०६ साली चांदीच्या नाण्यांचा मोठा साठा सापडला. नाणी तेरा हजारांहून अधिक होती. सगळी क्षत्रप राजा नहपान याची. परंतु त्यांतील नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णी याने आपला ठसा पुन्हा मारलेला होता. सातकर्णीने नहपानाच्या वंशाचा पराभव केला, असे नाशिकच्या लेण्यातील शिलालेखात म्हटले आहे. त्या लेखाला या नाण्यांनी साक्ष दिली. आता विचार करा. ही नाणी एकेक करून शंभर खिशांत गेली असती, तर? प्रत्येकाकडे चांदीचा एक तुकडा राहिला असता आणि महाराष्ट्राच्या इतिहासाचे एक पान कायमचे हरवले असते. नाणी एकत्र राहिली, मोजली गेली, अभ्यासली गेली, म्हणूनच ती बोलू शकली.

दुसरे उदाहरण दायमाबादचे. हे गाव अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यात प्रवरा नदीच्या काठी आहे. १९७४ साली तेथे झाडाचे मूळ खणताना काशाची चार अप्रतिम शिल्पे मिळाली. बैल जोडलेला रथ, हत्ती, गेंडा आणि रेडा. चारींचे वजन मिळून साठ किलोंहून अधिक भरते. ती ज्याला सापडली, त्याचा यात काही दोष नाही. तो आपले काम करत होता. पण ती शास्त्रशुद्ध उत्खननात, मातीच्या ठरावीक थरात सापडली नाहीत. म्हणून त्यांचा काळ कोणता, यावर विद्वानांत दीर्घकाळ वाद झाला. काहींनी ती उत्तर हडप्पा काळातील मानली, तर काहींनी त्याबद्दल शंका घेतली. वस्तू डोळ्यांसमोर आहे, पण तिचे वय पक्के सांगता येत नाही. कारण तिच्या भोवतालची माती तिच्यापासून आधीच दूर झाली.

ही माती म्हणजे वस्तूचा जन्मदाखला आहे. वस्तूच्या वर कोणता थर होता, खाली कोणता होता, शेजारी खापर होते की कोळसा, हे पाहून अभ्यासक तिचा काळ ठरवतात. माती एकदा उकरली, की तो दाखला फाटला. तो पुन्हा कोणालाही लिहिता येत नाही. म्हणून जुन्या जागी विनाकारण घातलेला पहारेचा एक घाव हा ग्रंथालयातील एकुलत्या एक पुस्तकाचे पान फाडण्यासारखा आहे.

मग यंत्र घेणाऱ्याने वागावे कसे? इंग्लंडमधील एक हकिकत सांगतो. १९९२ सालच्या नोव्हेंबर महिन्यात हॉक्सन नावाच्या गावी एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. तो शोधून देण्यासाठी त्याचे मित्र एरिक लॉज हे धातुशोधक घेऊन गेले. यंत्र वाजले. त्यांनी थोडे उकरले, तर चांदीचे चमचे आणि सोन्याची नाणी दिसू लागली. पुढे काय आहे ते पाहण्याचा मोह कोणाला झाला नसता? पण लॉज थांबले. त्यांनी अधिकाऱ्यांना कळवले. पुरातत्त्वज्ञ आले आणि त्यांनी उरलेला साठा काळजीपूर्वक बाहेर काढला. रोमन काळातील सुमारे पंधरा हजार नाणी आणि सोन्याचांदीच्या कितीतरी वस्तू निघाल्या. लाकडी पेटी कुजून गेली होती, तरी वस्तू कशा रचल्या होत्या ते कळले. त्यातून पेटीचा आकारही कळला. लॉज यांना मोठे बक्षीस मिळाले. ते त्यांनी शेतकऱ्याबरोबर वाटून घेतले. हातोडाही सापडला आणि तोही लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये गेला! मला या हकिकतीत सोन्यापेक्षा त्यांचे थांबणे अधिक मोलाचे वाटते.

याच्या उलट गोष्ट आपल्याकडे घडली. पुण्याजवळ पिंपरी-चिंचवडमधील चिखली येथे बांधकामाच्या ठिकाणी मजुरांना जुनी सोन्याची नाणी सापडली. त्यांनी ती कोणाला न सांगता जवळ ठेवली. मार्च २०२२ मध्ये पोलिसांनी २१६ नाणी जप्त केली. ज्या नाण्यांनी त्या कुटुंबाला मान मिळू शकला असता, त्यांनीच त्यांच्या दारात पोलीस आणले. गरिबाला मोह पडला, हे समजण्यासारखे आहे. पण त्यांना कायदा कोणी सांगितला होता? तो सर्वांना माहीत असता, तर ही वेळ कदाचित आली नसती. म्हणून तो तुम्हांला येथे सांगतो.

आपल्या देशात १८७८ सालचा निखात निधी कायदा आहे. निखात निधी म्हणजे पुरलेले धन, तुमच्या भाषेत दफीना. दहा रुपयांहून अधिक किमतीचे असे धन कोणालाही सापडले, तर त्याने जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवले पाहिजे. काय सापडले, कोठे सापडले आणि कोणत्या तारखेला सापडले, हे त्यात लिहावे लागते. जो कळवत नाही, त्याला एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. पण कायदा केवळ धाक घालणारा नाही. धनाचा खरा वारस कोणी नसेल आणि शोधणारा व जमिनीचा मालक यांच्यात वेगळा करार नसेल, तर चार भागांपैकी तीन भाग शोधणाऱ्याला आणि एक भाग मालकाला द्यावा, असे त्यात म्हटले आहे. सरकारने धन स्वतःकडे घेतले, तर त्याचा मोबदला देण्याची तरतूदही आहे. प्रामाणिक माणसाचा हक्क कायद्याने राखला आहे. त्याशिवाय १९५८ सालच्या कायद्याप्रमाणे संरक्षित किल्ले, लेणी आणि प्राचीन स्थळे येथे परवानगीवाचून खणता येत नाही. १९७२ सालच्या कायद्याने शंभर वर्षांहून जुन्या नाण्यांच्या आणि कलावस्तूंच्या विक्रीवर बंधने घातली आहेत. अशा वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर पाठवता येत नाहीत.

आता पुन्हा आंजर्ल्याच्या किनाऱ्यावर येऊ. समोरचा सुवर्णदुर्ग संरक्षित किल्ला आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान दिला. सुवर्णदुर्ग त्यांतील एक. तेथे यंत्र नेऊन उकरण्याचा विचारही मनात आणू नये. टेकडीवरच्या देवळाचा परिसर, जुनी मशीद, दर्गा, कबरस्तान, पडके वाडे, या जागाही वर्ज्य समजाव्यात. तेथे कायदा तर आहेच, पण त्याहून मोठी गोष्ट म्हणजे लोकांची श्रद्धा आहे. दुसऱ्याच्या बागेत तर मालकाने हो म्हटल्याशिवाय पाऊलही टाकू नये.

मग उरली मोकळी वाळू. तेथे तरी मनसोक्त खणावे का? नाही. आंजर्ल्याच्या वाळूत सोन्याहून नाजूक असा एक ठेवा असतो. ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवे हिवाळ्यात रात्रीच्या वेळी येथे येतात. मादी वाळूत सुमारे दीड फूट खोल खड्डा करते, त्यात शंभराच्या आसपास अंडी घालते, वाळू सारखी करते आणि समुद्रात निघून जाते. सुमारे दीड ते दोन महिन्यांनी पिले बाहेर येतात आणि पाण्याकडे धाव घेतात. वेळासप्रमाणेच आंजर्ल्यातही गावकरी आणि वनखाते ही घरटी जपतात. कायद्याने या कासवाला वाघाइतकेच संरक्षण दिले आहे. अंड्यात जीव धरू लागल्यावर ते नुसते उलटेसुलटे झाले, तरी पिलू मरू शकते. धातुशोधकाला अंडे कळत नाही. त्याला शेजारी पडलेले पत्र्याचे झाकण कळते. त्या दोन पैशांच्या झाकणासाठी घातलेले फावडे शंभर जीव घेऊ शकते. रात्री डोक्याला दिवा बांधून फिरणाराही पिलांची वाट चुकवतो, कारण ती उजेडाकडे ओढली जातात. म्हणून नोव्हेंबरपासून मे महिन्यापर्यंत या वाळूत कोणीही खणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. उरलेल्या दिवसांतही ग्रामपंचायतीला आणि वनखात्याला विचारूनच, मोठ्या माणसांच्या सोबतीने आणि पावसाळ्यातील समुद्राचे भान ठेवून काम करावे. खड्डा वीतभर असावा आणि तो लगेच बुजवावा. गोळ्यासारखी किंवा नळकांड्यासारखी अनोळखी वस्तू दिसली, तर हात न लावता दूर व्हावे आणि पोलिसांना कळवावे.

काही जण म्हणतील, 'इतकी बंधने पाळायची, तर या छंदावर बंदीच का घालू नये?' मला ते पटत नाही. बंदी घातली, की यंत्रे रात्री चालू लागतात आणि सापडलेले कोणी सांगत नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये १९९७ पासून सापडलेल्या वस्तूंची नोंद करण्याची सरकारी योजना सुरू झाली. तीत आजवर दहा लाखांहून अधिक वस्तूंची नोंद झाली आहे. त्यांतील बहुतेक वस्तू सामान्य छंदिष्टांनी दाखवलेल्या आहेत. ज्यांच्यावर विश्वास टाकला, त्यांनी इतिहासात भर घातली. आपल्याकडेही तालुक्या-तालुक्यांत अशी एखादी नोंदवही असावी. शेतकऱ्याला नांगरताना, गवंड्याला पाया खणताना, मुलाला खेळताना जे सापडेल, ते त्याने न भिता दाखवावे आणि त्याचे नाव त्या वहीत मानाने लिहिले जावे.

या कामात तुमचे स्थान विशेष आहे, हे तुम्हांला सांगितले पाहिजे. दाभोळ भागात एके काळी 'लारी' नावाचे चांदीचे नाणे चालत असे. ते वाटोळे नव्हते. चांदीची जाड तार मधोमध दुमडून केसांच्या आकड्यासारखे ते केलेले असे. इराणमधील लार या शहरावरून त्याला हे नाव मिळाले. आदिलशाही लारीवर फारसी अक्षरांचा ठसा असे. ठसा मोठा आणि तार बारीक, त्यामुळे प्रत्येक लारीवर लेखाचा एक तुकडाच उमटे. असे तुकडे जुळवल्यावर सुलतानाचे नाव आणि साल लागते. ज्याला ती लिपी येत नाही, त्याला लारी म्हणजे वाकडी तार वाटेल आणि तो ती सोनाराच्या मुशीत टाकील. तुम्ही मात्र रोज उर्दू वाचता. त्या ठशातला 'अलिफ', 'ऐन' किंवा 'शाह' हा शब्द तुम्ही ओळखू शकता. शिवराईवर देवनागरी अक्षरे असतात, तीही तुम्हांला वाचता येतात. दोन्ही लिप्या येणारी मुले कोकणच्या इतिहासाला हवी आहेत. हजारो रुपयांच्या यंत्राला जे साधत नाही, ते तुमच्या पाटी-पेन्सिलीने तुम्हांला आधीच दिले आहे.

म्हणून यंत्र नाही याचे दुःख करू नका. एक वही घ्या. दोरीला बांधलेला एक लोहचुंबक घ्या. अंगणातले आणि शाळेच्या मैदानातले खिळे गोळा करा. काय, कोठे, केव्हा सापडले ते तारखेसह लिहा. घरातील वडीलधाऱ्यांकडे जुने नाणे असेल, तर ते न घासता, न पुसता, त्याचा नीट नकाशा काढा आणि त्यावरील अक्षरे लावून पाहा. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालयात गेलात, तर दालनातील नाण्यांसमोर थोडे अधिक थांबा. ज्याला हे जमले, त्याच्या हाती उद्या यंत्र आले, तरी काळजी नाही.

यंत्राचा आवाज हा प्रश्न आहे. त्याचे उत्तर यंत्राजवळ नसते. खिशात घालायचे, की हात मागे घेऊन योग्य माणसाला हाक मारायची, हे ज्याचे त्याने ठरवायचे असते. दफीना एका माणसाने पुरलेला असला, तरी त्यातली हकिकत सर्वांची असते. ती ऐकायची असेल, तर आधी थांबायला शिका.